पडक्या खाणशेडचे फोटो काढा, पण तारखेनिशी आणि ओळंब्यानिशी

संपादक महोदय,

चवथ (गणेशचतुर्थी) आटोपली, पाऊस ओसरू लागला की एक ठरावीक फोटो वर्तमानपत्रांतून आणि मोबाइलवरून फिरू लागतो. गंजलेली कन्व्हेयरची (खनिज वाहून नेणाऱ्या पट्ट्याची) कमान, तिला लपेटलेली वेल आणि खाली ‘निसर्गाने आपली जागा परत घेतली’ अशी ओळ. फोटो देखणा असतो, यात वाद नाही. पण तो कुठला, कधीचा, कोणत्या दिशेने काढलेला, मागची भिंत किती उंच, यातले काहीच त्यावरून कळत नाही. पाच वर्षांनी त्याच जागेचा दुसरा फोटो शेजारी ठेवला, तर नेमके काय बदलले हे कुणालाच सांगता येणार नाही.

गोव्यातल्या लोहखनिजाच्या खाणी २०१२ मध्ये थांबल्या आणि पुन्हा मार्च २०१८ मध्ये. त्यांच्याबरोबर डिचोली, सत्तरी, धारबांदोडा, सांगे भागातले खनिज फोडण्या-चाळण्याचे क्रशिंग-स्क्रीनिंग प्लांट, खनिज धुण्याच्या टाक्या, वर्कशॉप आणि मांडवी-जुवारीकाठचे लोडिंगचे धक्केही थंड पडले. धारबांदोड्याच्या संजीवनी साखर कारखान्याचे गाळप २०१९-२० पासून बंद आहे. डिसेंबर २०२२ पासून खाणपट्ट्यांचे लिलाव होऊ लागले, काही खाणी सुरूही झाल्या. म्हणजे जुने सांगाडे आता एक तर कोसळतील, नाही तर भंगारात निघतील. नोंद करायची तर हीच वेळ आहे.

नोंदीचा फोटो काढायला महागडा कॅमेरा लागत नाही. ट्रायपॉड, तीस मीटरची टेप, दहा-दहा सेंटिमीटरवर काळे-पांढरे पट्टे रंगवलेली एक मीटरची काठी आणि गवंड्याचा ओळंबा एवढे पुरे. ओळंबा कशाला, असे अनेक जण विचारतात. कॅमेऱ्याचे तोंड जरा वर केले की भिंती फोटोत मागे कलंडतात. मग संगणकावर त्या सरळ केल्या जातात, आणि भिंत खरोखर झुकली होती की लेन्सने झुकवली, हे शोधायचा मार्गच बंद होतो. चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) भिंतीत पिंपळ शिरला की ती हळूहळू बाहेर पोट काढते. पांढऱ्या सुताला बांधलेला ओळंबा भिंतीलगत लोंबता ठेवून फोटो काढला, तर पुढच्या वर्षी सूत आणि भिंत यांतले अंतर काठीवर सरळ मोजता येते. कॅमेरा पातळीत ठेवावा. वरचा भाग कापला जात असेल तर मागे सरकावे. मान वर करू नये.

उभे राहायची जागा कशी बांधून घ्यायची? मोबाइलच्या जीपीएसवर भिस्त ठेवू नका. पत्र्याखाली आणि दाट झाडीत तो काही मीटर सहज चुकतो. दोन पक्के बिंदू धरून टेपने अंतर घ्यावे. ‘पंपाच्या पायाच्या ईशान्य बोल्टपासून ४.२० मीटर, जोत्याच्या कोपऱ्यापासून ६.८५ मीटर’ अशी नोंद हवी. लोखंडी खांब बिंदू म्हणून कधीच धरू नका, पुढच्या खेपेला तो जागेवर असेल याची खात्री नसते. यंत्र उचलून नेले तरी त्याचा काँक्रीटचा पाया आणि चिऱ्याचे जोते मागे राहते. लेन्सची उंची जमिनीपासून दर वेळी तीच ठेवावी, दीड मीटर सोयीची, आणि होकायंत्रावरची दिशा लिहून घ्यावी. झूम थोडा कमी-जास्त झाला तर फोटो नंतर कापता येतो. जागा हलली तर दृश्यच बदलते, त्याला इलाज नाही.

वर्षातून दोन फेऱ्या कराव्यात. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये रानमोडीचे तण आणि वेली अंगावर येतात, झाडाने किती मजल मारली ते दिसते. मार्च-एप्रिलमध्ये तेच सुकून झडते आणि हिरव्याखाली लपलेल्या भेगा उघड्या पडतात. नुसत्या पावसाळी फोटोंचा संग्रह म्हणजे रोग्याचा फक्त शालीतला फोटो. झाडांची नावेही लिहावीत. डंपवरचा (खाणीतल्या टाकाऊ मातीच्या ढिगावरचा) आकेशिया बहुधा मुद्दाम लावलेला असतो, तर गटाराच्या सांध्यातला पिंपळ किंवा वड पाखरांच्या विष्ठेतून आलेला. एक माणसाने पेरलेला, एक आपणहून रुजलेला. दोघांना एकाच ‘निसर्गा’त ढकलले की नोंद खोटी पडते.

आता तांत्रिक अडचणी. शेडमध्ये पत्र्याच्या भोकातले आभाळ आणि खालची जमीन यांच्या उजेडात एवढा फरक असतो की एका फ्रेममध्ये दोन्ही येत नाही. आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) १००, एफ (लेन्सचे छिद्र) ८ ठेवून दोन-दोन स्टॉपच्या अंतराने (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) तीन ते पाच फ्रेम घ्याव्यात, रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलमध्ये, आणि नंतर त्या एकत्र कराव्यात. वारा असेल तर फ्रेम एकत्र करताना पानांची भुते दिसतात, म्हणून खारा वारा सुटायच्या आत, सकाळी नऊपर्यंत काम उरकावे. व्हाइट बॅलन्स (रंगांचा तोल) ऑटोवर ठेवू नये. एकीकडे खनिजाची तांबडी माती, दुसरीकडे पानांतून गाळून आलेला हिरवा उजेड, यांच्यामध्ये कॅमेरा प्रत्येक फ्रेमला वेगळा रंग धरतो. पहिल्या फ्रेममध्ये ग्रे कार्ड (रंग जुळवायचे करड्या रंगाचे कार्ड) धरावे. ओल्या पानांची चकाकी पोलरायझर फिल्टरने कमी होते, पण दीड-दोन स्टॉप उजेड खाल्ला जातो.

खनिजाची धूळ लेन्सवर बसली तर कापडाने पुसू नका, ती काचेवर ओरखडे काढते. आधी ब्लोअरने हवा मारा. लेन्स शेडमध्ये बदलूच नये. ट्रायपॉडच्या फिरकीच्या कुलपांत धूळ शिरली की पाय अडकतात, म्हणून घरी येऊन ते उघडून धुवावेत. पावसात एसी गाडीतून कॅमेरा थेट बाहेर काढला की लेन्सवर धुके धरते. बंद बॅगेतच वीस-तीस मिनिटे ठेवून मग काढावा. आपल्या हवेत लेन्सवर बुरशी यायला फार दिवस लागत नाहीत. घट्ट झाकणाचा डबा आणि सिलिका जेल, हा स्वस्त उपाय.

आणि पायाखालची जमीन. प्लांटमधल्या पाण्याच्या सम्पवर (जमिनीतल्या टाकीवर) हिरवी जलपर्णी अशी दाटते की लॉनच वाटावे. टेलिंग पाँडचा (खनिज धुतल्यावर उरलेला गाळ साठवण्याच्या तळ्याचा) वरचा थर तडकलेला, सुका दिसतो आणि खाली चिखल तसाच असतो. त्यावर पाय ठेवू नये. सळी गंजली की फुगते आणि काँक्रीट आतून फोडते. खाडीच्या खाऱ्या हवेत, धक्क्यांवर, हे लवकर होते. लोखंडी जाळीच्या वाटा पालापाचोळ्याखाली ओल्या राहून खालून कुजतात, वरून शाबूत दिसतात. वरच्या मजल्यावर चढू नये. सिमेंटच्या जुन्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असतो. त्यांवर चालू नये आणि तुकडे हाताळू नयेत. वटवाघळांच्या लेंड्या साचलेल्या खोलीत एन-९५ मास्क लावूनच जावे. चिऱ्याच्या ढिगांत फुरसे असते, फटीत हात घालायचा नाही. कमानीखाली आग्या मोहोळ आहे का ते आधी दुर्बिणीतून पाहावे, आणि ड्रोन त्याच्या आसपास फिरकवू नये. सत्तरीत २०१५ पासून गोचिडीतून पसरणाऱ्या माकडतापाचे रुग्ण सापडले आहेत. डिसेंबर ते मे या काळात अंगभर कपडे घालावेत, परतल्यावर गोचीड तपासावी. मेलेले माकड दिसले तर तिथूनच मागे फिरून आरोग्य केंद्राला कळवावे.

ओसाड दिसते म्हणून जागा बेवारस नसते. खाणपट्टाधारक, औद्योगिक विकास महामंडळ, कोमुनिदाद (गावाची सामाईक जमीन सांभाळणारी संस्था) किंवा भाटकार (जमीनमालक), कुणाची तरी लेखी परवानगी लागतेच. रखवालदाराने मान हलवली म्हणजे परवानगी झाली असे नाही. ड्रोन कुठे उडवता येतो यासाठी सरकारचा डिजिटल स्काय नकाशा पाहावा. दाबोळीचा विमानतळ नौदलाचा तळ आहे आणि आता उत्तरेला मोपाही आहे.

आपल्या दैनिकाला एक विनंती. असे फोटो छापताना महिना-वर्ष, तालुका आणि कॅमेऱ्याची दिशा एवढी एक ओळ खाली द्यावी. नेमकी वाट मात्र छापू नये. तांब्याच्या केबलींचा माग काढणारेही पेपर वाचतात.

आपले,
औद्योगिक वास्तूंची छायाचित्र-नोंद ठेवणारे काही वाचक, फोंडा