खेळाचा तास बदलला, हे कोणी सांगायचे?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

माझी मुलगी नऊ वर्षांची आहे, चौथीत शिकते आणि गेली तीन वर्षे तिला टाइप वन मधुमेह आहे, म्हणजे तिच्या शरीरात इन्सुलिन जवळजवळ तयारच होत नाही आणि ते रोज टोचून घ्यावे लागते. आजाराशी आमच्या घराने एव्हाना बऱ्यापैकी जमवून घेतले आहे, त्यामुळे त्याविषयी माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती तिची शाळा आणि आम्ही यांच्यात वर्षभर चाललेल्या निरोपांच्या गोंधळाविषयी. शाळेचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही आणि माझेही छापू नये अशी विनंती आहे, कारण उद्या सकाळी तिला त्याच वर्गात, त्याच बाकावर बसायचे आहे.

घडले ते असे. तिच्या वर्गाचा खेळाचा तास मधल्या सुट्टीनंतर असे आणि तो हिशेब धरूनच डॉक्टरांनी तिच्या सकाळच्या इन्सुलिनची मात्रा ठरवून दिली होती. दोन महिन्यांपूर्वी एका सोमवारपासून तो तास मधल्या सुट्टीच्या आधी आला. कारण अगदी साधे होते. त्या वेळी मैदान दुसऱ्या वर्गाला हवे होते. मुलांना फळ्यावर लिहून सांगितले गेले, घरी काहीच कळवले गेले नाही, आणि कळवायला हवे असे कोणाला वाटलेही नसावे, कारण वेळापत्रकातला बदल हा आरोग्याचा निरोप असू शकतो हे ज्याच्या घरी इन्सुलिनचे पेन नाही त्याला सुचणे कठीण आहे. पण इन्सुलिन एकदा टोचले की परत काढून घेता येत नाही. ते आपले काम करत राहते, धावताना स्नायू रक्तातली साखर आणखी ओढून घेतात, आणि अशा वेळी पोटात काही पडले नाही तर साखर भराभर खाली येते. आमच्या घरी याला 'लो होणे' म्हणतात.

त्या सोमवारी ती लो झाली. तिच्या ग्लुकोमीटरच्या नोंदीत सकाळी ११ वाजून ४० मिनिटांचा आकडा आहे : ५२. एक डेसिलिटर रक्तात ७० मिलिग्रॅमपेक्षा कमी साखर भरली की ताबडतोब गोड द्यायचे असते, आणि ५४च्या खालचा आकडा डॉक्टर गंभीर मानतात. हे मीटर तिच्या शेजारच्या मैत्रिणीने दप्तरातून काढून तिच्या हातात दिले होते, ग्लुकोजच्या गोळ्याही तिनेच शोधल्या. वर्गात त्या वेळी एक मोठे माणूस होते, पण ते बदलीवर आलेले होते आणि त्यांना या मुलीविषयी कोणी एक अक्षर सांगितलेले नव्हते. नऊ वर्षांच्या मैत्रिणीला मात्र सगळे ठाऊक होते.

आम्हाला हे कळले ते संध्याकाळी, आणि तेही शाळेकडून नाही. मी तिची गणिताची वही उघडली. खेळानंतरचाच तो तास. पहिली दोन उदाहरणे चौकटींत नीट बसवलेली, तिसऱ्यात हातचा विसरलेला, चौथ्यात आकडे चौकटी सोडून उतारावरून घरंगळावेत तसे खालच्या ओळीत गेलेले, आणि पाचव्याच्या जागी नुसती पेन्सिलीची एक लांब रेघ. खाली लाल शाईत शेरा होता : 'लक्ष नाही. अक्षर सुधारा.' ती वही मी जपून ठेवली आहे. ज्याला वाचता येते त्याच्यासाठी त्या पानावर साखर मिनिटामिनिटाला कशी उतरत गेली ते लिहिलेले आहे, मीटरपेक्षाही स्पष्ट.

दुसऱ्या दिवशी शाळेत गेले तेव्हा मला मिळालेले उत्तर असे होते : "बरे वाटत नव्हते तर तिने सांगायला हवे होते." हे वाक्य मी यापूर्वीही ऐकले आहे आणि माझ्यासारख्या इतर पालकांनीही ते ऐकलेले असणार, म्हणून त्याविषयी थोडे सविस्तर लिहिते. मेंदूचे काम प्रामुख्याने ग्लुकोजवर चालते आणि त्याच्याकडे त्याचा फारसा साठा नसतो. साखर घसरली की हात थरथरतात, घाम फुटतो, मूल चिडते किंवा गप्प होते, विचार तुटक होतो, आणि आपल्याला काही होते आहे हे ओळखून ते दुसऱ्याला सांगण्याची शक्तीच मंदावते. म्हणजे ज्या क्षणी तिने सांगावे अशी अपेक्षा आहे, नेमका तोच क्षण तिला सांगता न येण्याचा आहे. तिच्या वयाच्या मुलाने आणखी एक गोष्ट सांभाळायची असते, ती म्हणजे सगळ्या वर्गादेखत हात वर करून पुन्हा एकदा आपण वेगळे आहोत हे जाहीर करण्याची लाज. याच कारणाने लो झालेल्या मुलाला एकटे कार्यालयात किंवा आजारी मुलांच्या खोलीत पाठवू नये असे सांगतात. जिन्यात ते कोसळले तर कोणाला पत्ताही लागणार नाही.

आता कोणी म्हणेल, पालकांनी आधी कल्पना दिली होती का? दिली होती. वर्ष सुरू झाले त्या पहिल्याच आठवड्यात डॉक्टरांचे पत्र, शाळेने दिलेला छापील अर्ज आणि मी स्वतः लिहिलेली चार पानी माहिती असे सगळे मी कार्यालयात दिले, पोचही घेतली. सोबत लाल झाकणाचा एक डबा दिला, त्यात ग्लुकोज, ग्लुकोमीटरच्या जादा पट्ट्या आणि बेशुद्ध पडल्यास द्यायचे ग्लुकागॉनचे इंजेक्शन होते, कारण शुद्ध हरपलेल्या मुलाच्या तोंडात काहीही घालायचे नसते. या प्रकारानंतर मी तो डबा पाहायला मागितला तेव्हा तो कपाटात होता, कपाटाला कुलूप होते आणि किल्ली ज्या लिपिकांकडे असते ते रजेवर होते. दुसऱ्या दिवशी कपाट उघडले. डब्यावर मी लावलेली चिकटपट्टी जशीच्या तशी होती, आणि माझी चार पाने तिच्या प्रवेशाच्या कागदांमागे टाचलेली होती.

माझीही चूक मला येथे कबूल करायला हवी. चार पाने कोणी वाचत नाही. मी त्यात शरीराचीच प्रतिकारशक्ती स्वादुपिंडातील इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी कशा नष्ट करते इथपासून सगळे लिहिले होते, कारण मला शाळेला पटवून द्यायचे होते की हा आजार गोड खाल्ल्याने होत नाही आणि आमच्या लाडाने तर मुळीच नाही. त्यात माझा अपराधीपणा होता, शिक्षकांच्या उपयोगाचे थोडेच होते. ज्यांच्यासमोर चाळीस मुले बसलेली आहेत त्यांना घामाघूम झालेल्या मुलीकडे पाहून अर्ध्या मिनिटात काय करायचे एवढेच हवे असते : १५ ग्रॅम ग्लुकोज द्या, १५ मिनिटांनी पुन्हा साखर पाहा, ७०च्या खालीच असेल तर पुन्हा द्या, सावरेपर्यंत तिला एकटे सोडू नका आणि आईला फोन करा. ते आता मी एका पानावर मोठ्या अक्षरांत लिहून दिले आहे. पण चार पानांचे एक पान केल्याने ते कपाटातून आपोआप वर्गात चालत येत नाही.

कारण शाळेत माहिती पोचत नाही असे नव्हे. ती भलतीकडे पोचते. वर्षाच्या सुरुवातीला वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर 'आपल्या वर्गातील एका विद्यार्थिनीला मधुमेह आहे, तरी वाढदिवसाला गोड वाटू नये' असा संदेश तिच्या नावासकट आला होता. आमची परवानगी कोणी विचारली नव्हती. ज्यांना कळण्याची काही गरज नव्हती अशा प्रत्येक घरात ते कळले, आणि तिला मैदानावर पळवणाऱ्या क्रीडाशिक्षकांना कळले नाही. त्या संदेशामुळे वर्गात एक समज मात्र घट्ट बसला, की हिला गोड चालत नाही. पुढे एकदा ती लो असताना तिने गोळी तोंडात टाकली तर "तुला हे मना आहे ना?" असे म्हणून उरलेल्या गोळ्या काढून घेण्यात आल्या. काढून घेणाऱ्यांच्या मनात माया होती याविषयी मला शंका नाही. अर्धवट पोचलेली माहिती मायेच्या हातात पडली की काय करते, ते तेव्हा कळले.

उलट दिशेची वाट तर त्याहून बंद आहे. एकदा तिला सकाळी १० वाजता उलटी झाली. घरी कळवले गेले शाळा सुटताना, दैनंदिनीत एक ओळ लिहून. इतर मुलांच्या बाबतीत तेवढे पुरले असते. टाइप वन असलेल्या मुलाची उलटी ही शरीरात कीटोन, म्हणजे इन्सुलिन कमी पडल्यावर चरबी जळून तयार होणारी आम्ले, साठत असल्याची खूण असू शकते, आणि ते वेळेत पाहिले नाही तर गाठ अतिदक्षता विभागाशी पडू शकते. साखर वाढलेली असताना तिला सारखी तहान लागते आणि सारखे लघवीला जावे लागते; त्या दिवसांत "एका तासाला एकदाच" हा नियम तिलाही लावला गेला आणि तिने पाणी पिणेच सोडून दिले. हेही मला तिच्या बाटलीवरून कळले, रोज भरलेली परत यायची.

१९२२ सालच्या जानेवारीत टोरांटोच्या रुग्णालयात लिओनार्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा इन्सुलिन टोचले गेले. त्याआधी या आजाराच्या मुलांना अर्धपोटी ठेवून थोडे दिवस वाढवणे एवढेच डॉक्टरांच्या हाती होते. त्यांनी शाळेत जाण्याचा प्रश्नच नव्हता. जे अवघड होते ते इन्सुलिन शोधणाऱ्या बँटिंग, बेस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शंभर वर्षांपूर्वी सोडवून ठेवले आहे. आमचे अडते आहे ते एका कागदाच्या तीस पावलांच्या प्रवासात, कार्यालयापासून चौथीच्या वर्गापर्यंतच्या. इंग्लंडमध्ये २०१४ साली मुलांसंबंधीच्या एका कायद्याने सरकारी खर्चावर चालणाऱ्या शाळांच्या व्यवस्थापनाला आजारी विद्यार्थ्यांची सोय लावणे बंधनकारक केले, म्हणजे हा प्रवास तिथेही आपसूक होत नसणार. कायदा असो वा नसो, माझे मागणे त्याच्यासाठी थांबण्याइतके मोठे नाही. ते एक पान हजेरीपटाच्या आत लावावे, कारण बदलीवर येणारे शिक्षकही हजेरीपट उघडतातच. लाल झाकणाचा डबा वर्गाजवळ, कुलपाबाहेर असावा. या मुलीची जबाबदारी शाळेतल्या एका माणसाकडे आणि ते नसतील तेव्हा दुसऱ्या माणसाकडे नावानिशी असावी, म्हणजे मला दर वेळी नव्या व्यक्तीला अथपासून इतिपर्यंत सांगावे लागणार नाही. खेळाचा तास, परीक्षेची वेळ, सहल, स्नेहसंमेलनाची तालीम यांत बदल झाला तर आदल्या दिवशी एक ओळीचा निरोप यावा. त्यावरून मात्रा किती कमी करायची ते आम्ही आणि डॉक्टर पाहू, शाळेला त्यात डोके घालावे लागणार नाही. आणि ती लो झाली तर फोन त्याच वेळी यावा.

शिक्षकांवर कामाचा बोजा किती आहे याची मला जाणीव आहे. ते परिचारिका नाहीत, त्यांनी इंजेक्शने द्यावीत असा माझा हट्टही नाही. या सगळ्यानंतर एक दिवस मी क्रीडाशिक्षकांना मैदानावरच गाठले आणि पाच मिनिटांत सांगितले. त्यांनी सगळे ऐकून घेतले, "मला हे आधी का नाही सांगितले हो?" असे म्हणाले, आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या शिट्टीच्या दोरीला ग्लुकोजच्या गोळ्यांची एक छोटी नळी लटकू लागली. व्यायामानंतर साखर पुढे कित्येक तास, कधी रात्रीही उतरू शकते हे समजल्यावर आता ते शाळा सुटताना किती वेळ पळवले तेही तिच्याजवळ सांगून पाठवतात. पण हे दोन माणसांतले झाले. ते उद्या बदलून गेले तर ती नळी त्यांच्याबरोबर जाईल.

मुख्याध्यापकांना मी वरील मागण्यांचे लेखी पत्र देऊन पाच आठवडे झाले. पोच मिळाली आहे, उत्तर नाही. पुढच्या महिन्यात वार्षिक क्रीडास्पर्धा आहेत आणि तिचे नाव ४०० मीटर रिलेच्या संघात आहे. तिला ते फार हवे होते. शर्यत सकाळी आहे की मधल्या सुट्टीनंतर, हे मी तीनदा विचारले. वेळापत्रक फळ्यावर लागेल असे मला सांगण्यात आले आहे.

आपली,
एक पालक