हात मागे बांधल्याबद्दल

आप्पा,

तोंडावर आभार मानले की तुम्ही चहा सांगून विषय बदलता. म्हणून हे पत्र, जळगाव एमआयडीसीतल्या सगळ्या पोरांसमोर.

१९६१च्या अ‍ॅप्रेंटिस कायद्याखाली करार झाला तेव्हा वाटलं होतं, वर्षभर कानस घासायची आणि स्टायपेंड घ्यायचा. आमचे उस्ताद म्हणून तुम्ही मात्र भर मे महिन्यात, शेडचे पत्रे तापलेले असताना, सहा-सहा जणांच्या टोळ्या पाडल्या. फिटर, वेल्डर, इलेक्ट्रिशियन, सगळे मिसळून. चार फ्लँज-जोडांची (पाईपच्या टोकाच्या कड्या समोरासमोर बोल्टने आवळायच्या) लाईन जोडायची आणि जेवणाच्या सुट्टीआधी हायड्रो टेस्टला, म्हणजे आत पाणी दाबून, १० किलो प्रेशर धरून दाखवायचं. लीडरने पान्ह्याला हात लावायचा नाही. लीडर मी.

आयटीआयत पहिला आलेला मी. हात नुसते शिवशिवत होते. हात बांधले तसं तोंड सुटलं. समोरासमोरचे बोल्ट आळीपाळीने आवळा, ओळीने आवळले तर गॅस्केट, म्हणजे जोडातली गळती रोखणारी चकती, एकाच अंगाला दबतं, हे दहादा ओरडलो. पोरांनी तसंच केलं. तरी तिसऱ्या जोडातून पाणी! मी धडगावकडच्या पोरावर घसरलो.

तुम्ही हातपंप थांबवून त्याला विचारलंत, "तुला काय दिसलं होतं रे?"

"गॅस्केटला चीर होती."

"मग बोलला का नाही?"

त्याने फक्त माझ्याकडे पाहिलं. तुम्ही मला एक शब्द बोलला नाहीत. (शिव्या घातल्या असत्यात तर सोपं गेलं असतं.)

दुसऱ्या दिवशी तुम्ही त्यालाच लीडर केलंत. तो प्रत्येक जोडाला थांबायचा, सगळ्यांना बघायला लावायचा. आम्ही शेवटून दुसरे आलो, पण काटा अर्धा तास १० वरून हलला नाही.

आज माझ्या हाताखाली नऊ माणसं आहेत. शटडाऊनचं, म्हणजे प्लांट बंद ठेवून करायचं, काम सुरू करण्याआधी हात मागे घेऊन विचारतो, "कोणाला काही खटकतंय का?" मागच्या महिन्यात नवा हेल्पर पुटपुटला, "साहेब, त्या व्हॉल्व्हला कुलूप नाही." बंद व्हॉल्व्ह चुकून कोणी उघडू नये म्हणून लावायचं ते कुलूप खरंच नव्हतं. आणि लाईनमध्ये प्रेशर होतं.

थंडी पडली की मळ्यात या आप्पा. भरताची वांगी, कळण्याची भाकर, आईच्या हातची. वांगी भाजायला तुमचे जुने अ‍ॅप्रेंटिस बोलावलेत. मी काड्यांना हात लावणार नाही.

तुमचा,
गळक्या तिसऱ्या जोडाचा लीडर