बाबा, पडवीतली खाट आत घ्या

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

फोनवर हे बोलणं होतच नाही, म्हणून लिहायला बसले. बाबा "माका काय्येक होऊक नाय" म्हणतात आणि फोन आईच्या हातात देतात. आई "जेवलंस काय गो" पासून सुरू करते आणि मुद्द्याचं राहूनच जातं.

तर आधी सांगून टाकते. पुढच्या शनिवारची तुतारी एक्स्प्रेसची तुमची दोघांची तिकिटं काढली आहेत, ठाण्यापर्यंत. दोन्ही बर्थ खालचे मिळालेत. परतीचीही काढली आहेत, चतुर्थीच्या आठ दिवस आधीची. सकाळी आठला खिडकी उघडते त्या मिनिटाला बसले म्हणून मिळाली. भिंत रंगवायला, माटवी बांधायला, सगळ्याला वेळ मिळेल. गणपती आपल्याच घरात, तुमच्याच हातून बसेल, त्याची काळजी नको.

विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर आई म्हणाली असती बाबांना विचार, आणि बाबा म्हणाले असते पाऊस सरूं दे. भाऊंच्या वेळी पाऊस सरायची वाट बघितली होती. त्यापुढे मी काही लिहीत नाही. मला हे करायचा हक्क आहे असं मी धरून चालले आहे. रागावायचं असेल तर इथे आल्यावर समोर बसून रागवा.

घराचं बोलून ठेवलंय. खालच्या वाडीतले काका दिवाबत्ती करतील, काकी दिवसाआड दारं-खिडक्या उघडून वारा घालतील. मांजरीलाही त्याच जेवण देतील. इथे उकडा तांदूळ आणून ठेवलाय, सकाळची पेज चुकायची नाही. कमोडला धरायला दांडी बसवून घेतली आहे. बाबांचा पेपर सुरू केलाय. समोरच्या बिल्डिंगमधले आजोबा मालवणचे आहेत, त्यांना तुम्ही येताय हे आधीच सांगून ठेवलंय, ते संध्याकाळी कट्ट्यावर वाट बघतील.

आता बाबा, तुमच्याशी.

आईने मला सांगितलं. तिच्यावर रागावू नका, मी खोदून विचारलं म्हणून तिने सांगितलं. तुम्ही कित्येक दिवस पडवीत झोपताय, ताट-पेला वेगळा केलाय, आईच्या खाटेवर टेकतसुद्धा नाही. का, तर तुमच्या जांघेतलं गजकर्ण पुढे कॅन्सर होतं आणि ते आईला लागलं तर तिचा आजार परत उलटेल. असं तुम्ही बघितलेल्या त्या व्हिडिओत सांगितलंय. तुम्ही हे तिच्यासाठी केलंत. परळच्या हॉस्पिटलात असताना तिच्या उशाशी कसे बसून राहायचात ते मी विसरलेले नाही. पण बाबा, ती खाट आजच आत घ्या. गजकर्णातून कॅन्सर होत नाही, आणि आईचा कॅन्सर बुरशीने परत येत नाही.

गजकर्णाची बुरशी केराटिनवर जगते. केराटिन म्हणजे त्वचेचा वरचा मेलेला थर, केस आणि नखं ज्याची बनतात ते प्रथिन. ती खाली रक्तात उतरत नाही, गाठ करत नाही. खाज आणते, पसरते, जीव नकोसा करते, हे खरं. तुम्हाला २०२१ सालची काळी बुरशी आठवत असेल, तेव्हा आपल्याकडे लोकांचे डोळे गेले, जबडे काढावे लागले. ती बुरशी वेगळ्या जातीची. साखर हाताबाहेर गेलेल्या, स्टेरॉइड घेतलेल्या, शरीराची ताकद खचलेल्या माणसाच्या नाकातून ती आत शिरत होती. तुमचं गजकर्ण त्या कुळातलं नाही.

मग ते गेल्या पावसाळ्यापासून जात का नाही? मला वाटतं ते त्या ट्यूबमुळे. मेडिकलवाल्याने दिलेल्या ट्यूबचा फोटो आईने पाठवला तेव्हा मी नावं वाचली. एकाच मलमात बुरशीचं औषध, जंतूंचं औषध आणि क्लोबेटासॉल. हे क्लोबेटासॉल फार तीव्र स्टेरॉइड आहे. लावलं की दोन दिवसांत खाज थांबते, लाली उतरते आणि बरं झालं असं वाटतं. प्रत्यक्षात त्वचेची लढायची ताकदच ते दाबून टाकतं, बुरशी आतल्या आत हातपाय पसरते, आणि मलम थांबवलं की दुप्पट खाज घेऊन वर येते. कातडी पातळ पडते, रेघा उठतात ते वेगळंच. २०१८ मध्ये सरकारने अशी स्टेरॉइडची मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली, तरी ती सर्रास मिळतात. देशभर लाखो लोकांचं हेच झालंय. त्यातून आपल्याकडे एक चिवट जात फोफावली, २०२० मध्ये जपानमधल्या संशोधकांनी भारतीय आणि नेपाळी रुग्णांच्या नमुन्यांवरून तिला ट्रायकोफायटॉन इंडोटिनी असं नाव दिलं. नेहमीच्या टर्बिनाफिनच्या गोळीला ती पुष्कळदा दाद देत नाही. म्हणून म्हणते, हे तुमच्या शरीराचं काही भयंकर बिघडल्याचं लक्षण नाही. चुकीचं औषध मिळालं, एवढंच.

सोमवारी त्वचेच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे. ते कडेची खपली जराशी खरवडून काचेवर घेतील आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघतील. दुखत नाही. कधी कधी गजकर्णासारखं दिसणारं दुसरंच काही निघतं, म्हणून हे बघायला हवं. साखरही तपासू, कारण साखर वाढलेली असेल तर बुरशी हटत नाही, आणि तुम्ही ती कधीपासून तपासलेली नाही ते मला माहीत आहे. बहुतेक इट्राकोनॅझोल हे बुरशीचं औषध देतील, काही आठवडे घ्यावं लागतं. ती कॅप्सूल पोटातल्या आम्लाशिवाय नीट शोषली जात नाही, आणि तुम्ही रोज सकाळी ॲसिडिटीची गोळी घेता. कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्यांशीही तिचं जमत नाही, हृदय कमजोर असेल तर देत नाहीत. म्हणून तुमच्या सगळ्या गोळ्या, अगदी अधूनमधून घेता त्यासुद्धा, पिशवीत घालून आणायच्या. तुम्ही "एकच तर घेतंय" म्हणाल, मला माहीत आहे. सगळ्या आणा.

टाकळ्याचा पाला वाटून लावता असंही आई म्हणाली. आजीसुद्धा नायट्यावर तेच लावायची, मी त्याला नावं ठेवत नाही. पण या मलमाने तुमची कातडी आधीच पातळ झाली आहे. तिच्यावर पाला, लिंबू, लसूण काही चोळू नका, भाजेल. टाकळ्याची भाजी मात्र आईने येताना करून आणली तर मला हवी आहे, इथे चांगला टाकळा मिळत नाही.

बाबा, शाळेत असताना मला मानेवर नायटा उठला होता. पावसात युनिफॉर्म वाळायचा नाही. तुम्ही पहाटे उठून त्याच्यावर कोळशाची इस्त्री फिरवायचात आणि कुबट वास गेला का ते नाकाला लावून बघायचात. मग तो गरम गरम सदरा मी अंगात घालायची. तुमचं ते इस्त्री करणं हाच खरा उपाय होता, औषधाच्या बरोबरीने. आता तेच स्वतःसाठी करायचं. टॉवेल, लुंगी, आतले कपडे गरम पाण्यात धुवायचे, वाळले नाहीत तर आतल्या बाजूने इस्त्री फिरवायची, दमट अंगात घालायचे नाहीत. टॉवेल आणि पांघरूण वेगळं ठेवता ते बरोबर आहे, ते चालू ठेवा, कारण गजकर्ण कपड्यांतून लागतं. आईला कुठे खाज असेल तर तिनेही त्याच दिवशी दाखवायचं. ताट-पेला वेगळा नको. खाट तर मुळीच नको.

आता आई, तुझ्याशी. कॅन्सर परत येऊ नये म्हणून तू रोज अनशापोटी खायच्या सोड्याचं पाणी पितेस. बाबांचं मन राखायला पितेस, हे मला ठाऊक आहे. बाबांचं म्हणणं, केमोच्या वेळी तुझ्या तोंडात पांढरं आलं होतं, ती बुरशी होती, आणि सिस्टरनीच सोडा दिला होता. खरंय, दिला होता. पण बाबा, कशाच्या मागून काय आलं ते आठवा. आधी गाठ, मग केमो, केमोने पांढऱ्या पेशी खाली आल्या, आणि त्यानंतर तोंडात कॅन्डिडा, म्हणजे ती पांढरी बुरशी, आला. कॅन्डिडा आपल्या सगळ्यांच्या तोंडा-पोटात थोडा असतोच, राखण ढिली पडली की वाढतो. सिस्टरनी सोडा-मीठ दिलं ते चुळा भरून थुंकायला, तोंड स्वच्छ राहावं म्हणून. बुरशी गेली ती तोंडात लावायच्या औषधाने आणि पेशी वर आल्याने.

कॅन्सर म्हणजेच बुरशी आणि सोडा हे त्याचं औषध, हे खूळ इटलीतल्या तुलिओ सिमोनचिनी या माणसाचं. गाठी पांढऱ्या असतात म्हणून त्या बुरशी, असं तो सांगायचा. २००३ मध्ये डॉक्टरांच्या नोंदणीतून त्याचं नाव काढलं, आणि पुढे रुग्णाच्या मृत्यूवरून कोर्टाने त्याला दोषी ठरवलं. व्हिडिओत हे सांगत नाहीत. २०२२ मध्ये गाठींमध्ये बुरशीच्या डीएनएच्या खुणा सापडल्याचं संशोधन छापून आलं, ते मात्र दाखवतात. त्या संशोधकांनी बुरशीमुळे कॅन्सर झाला असं म्हटलेलं नाही. आणि सोडा पिऊन रक्ताची आम्लता बदलत नाही, फुप्फुसं आणि मूत्रपिंडं तिचा आकडा, म्हणजे पीएच, ७.३५ ते ७.४५ च्या मध्येच धरून ठेवतात. पोटात जातं ते सोडियम. चहाच्या एका चमच्यात बाराशे मिलिग्रॅमच्या वर. तुझी बीपीची गोळी चालू असताना हे मला चालणार नाही. उद्यापासून बंद.

लेट्रोझोल, ती कॅन्सर परत येऊ नये म्हणूनची गोळी, मात्र एक दिवससुद्धा चुकवायची नाही. हाडं दुखतात, मला माहीत आहे, त्याचं डॉक्टरांशी बोलू, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व बघू. पण स्वतःच्या मनाने थांबवायची नाही. तुझी तपासणी पुढे होती, ती याच मुक्कामात करून घेऊ.

बुरशी आणि कॅन्सर यांचं एक नातं मात्र पक्कं आहे. ते तुझ्या स्वयंपाकघरात आहे, आणि तू मनाला लावून घेणार नाहीस म्हणून सांगते. भुईमूग, मका यांच्यावर वाढणारी एक बुरशी अफलाटॉक्सिन नावाचं विष सोडते. वर्षानुवर्षं पोटात गेलं तर यकृताचा कॅन्सर होतो. १९७४ मध्ये राजस्थान-गुजरातच्या सीमेवर बांसवाडा आणि पंचमहालमध्ये बुरशी आलेला मका खाऊन शंभरावर माणसं दगावली होती. भाजून ते विष पुरतं जात नाही. तू खवट, सुरकुतलेले, काळपट दाणे निवडून बाजूला काढतेस आणि "टाकू कशाला" म्हणून ते कुटात घालतेस. टाकवत नाही ते मला कळतं, हाताने तण काढलेले दाणे आहेत. पण पावसात दमट झालेला तो अख्खा डबा टाक. कोंबड्यांनाही घालू नको. मी इथून ताजे देईन.

आता सामानाचं. आईची सगळी फाईल, पिवळी आणि निळी दोन्ही. बाबांच्या सगळ्या ट्यूबा, रिकाम्यासुद्धा, फेकू नका, डॉक्टरांना दाखवायच्या आहेत. नवी ट्यूब घ्यायची नाही. बाबांनी सैल सुती लेंगे आणायचे. आईने स्वेटर आणायचा, डब्यात रात्री गारठा असतो. नारळ आणू नका, पाठ धरेल. आणणारच असाल तर दोनच.

जावई ठाण्याला पहाटे डब्यापाशी येतील, तुम्ही सामानाला हात लावू नका. तिकिटांचा मेसेज काकांच्या मुलाला पाठवलाय, तो स्टेशनवर सोडायला येईल.

तुमची,
बाय

ता. क. बाबा, तो व्हिडिओ ग्रुपवर पुढे पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर लिहा की बाय म्हणते हे खोटं आहे. तुमचं ऐकतात तिथे.