पेटीवाल्या काकांना, पियानोच्या निमित्तानं

पेटीवाले काका,
नमस्कार.

दुकानात येऊन आभार मानायला लागलं की तुम्ही चहा मागवता आणि विषय बदलता. म्हणून हे लिहूनच टाकतेय, चार लोकांनी वाचावं असं. तुमचं नाव घालत नाही. कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरीत ज्यांनी कधी पेटी दुरुस्तीला टाकलीय त्यांना न घालताही कळेल.

मी आले होते कीबोर्ड घ्यायला. काचेतून तो दिसत होता आणि किंमत खिशाला परवडेल अशी वाटत होती. "पोरासाठी बघताय व्हय?" तुम्ही विचारलंत. माझ्यासाठी, म्हटलं, पियानो शिकायचाय. त्याआधी हे वाक्य जिथं जिथं बोलले होते तिथं समोरचा माणूस आधी माझ्या पांढऱ्या केसांकडं बघायचा आणि मग "आता कशाला?" असं तोंडानं किंवा डोळ्यांनी विचारायचा. तुम्ही मानही वर केली नाहीत. मांडीवरच्या पेटीच्या भात्याला सरस लावता लावता एवढंच म्हणालात, "डावा हात चालतो का?"

चालायचं काही कारणच नव्हतं. लहानपणी पेटी शिकले ती उजव्या हातानं. भूप, दुर्गा, थोडे अभंग. डावा हात भाता मारण्यापुरता. तुम्ही मग बाजूचा तंबोरा ओढून घेतलात. आधी पेटीची एक पट्टी दाबून धरली आणि भाता चालू ठेवला: सूर तसाच उभा. मग तंबोऱ्याच्या तारेवर बोटानं टकटक केलंत: सूर उठला आणि लगेच विझायला लागला. "पियानो ह्यातला हाय. आत हातोडी तारेवर आपटती. जोरात मारलं तर मोठा, हळू मारलं तर बारीक. सगळं बोटात." भात्याशिवाय सूर लहान-मोठा कसा होतो हे मला कुणी इतक्या थोडक्यात सांगितलं नव्हतं.

भिंतीवरच्या पेटीवादक गोविंदराव टेंब्यांच्या फोटोकडं बोट दाखवून तुम्ही म्हणालात, ह्यांच्या गावात दोन हातांनी वाजवणारा माणूस सापडणार न्हाई व्हय? संगीत नाटकात ऑर्गन असायचा, पायानं भाता मारायचा आणि दोन्ही हात मोकळे. तेव्हा दोन हातांचं काम कोल्हापूरला काही नवीन नाही, असा तुमचा मुद्दा. मला तो पटला. निदान धीर तरी आला.

कीबोर्ड मात्र तुम्ही दिला नाहीत. दुकानदार स्वतःच्या दुकानातला माल देत नाही, असं मी पहिल्यांदा बघितलं. त्याला ६१ पट्ट्या होत्या, त्याही स्प्रिंगच्या, हलक्या. पियानोला ८८: ५२ पांढऱ्या, ३६ काळ्या. ह्यावर बोटं बसवलीत तर खऱ्या पियानोसमोर ती पट्टीच दाबणार नाहीत, आधी मास्तर बघा आणि मग वाद्य, हे तुम्ही बजावलंत. घरात माझ्या नवऱ्याचं उलट मत होतं: आधी वाद्य, म्हणजे पैसे अडकले की माणूस शिकतो. अशी अडकलेली बरीच वाद्यं तुमच्याकडं विकायला येतात, हे मी त्यांना सांगितलं.

मास्तर बघायचा कसा, यासाठी खरे आभार मानायचे आहेत. कारण वाद्य पैसे टाकून कुठंही मिळतं. कोल्हापुरात पेटी आणि तबला शिकवणारे गल्लोगल्ली आहेत. देवल क्लबसारखी गाण्याची जुनी संस्था इथं आहे, थोर गवई अल्लादिया खाँसाहेब शाहू महाराजांच्या आश्रयानं इथंच राहिले, त्यामुळं गाणं शिकायचं तर कुणाला विचारायचं हे शेंबडं पोरही सांगेल. पियानोचं तसं नाही. तुम्ही दोन वाटा सांगितल्यात. एक कीबोर्डचे क्लास. तिथं उजव्या हातानं गाण्याची चाल, डाव्या हाताला कॉर्ड, म्हणजे दोन-तीन सूर एकदम, धरून ठेवायचा, ताल यंत्राचा. "वाईट न्हाई. गाणी लवकर येत्यात, चारचौघांत वाजवता येतं." तुम्ही कुणाची निंदा केली नाहीत, हे मला फार आवडलं. दुसरी वाट चर्चची. १८५२ साली वाइल्डर मिशनरी कोल्हापुरात आले तेव्हापासून इथं ख्रिस्ती मंडळी आहेत, उपासनेत दोन हातांनी वाजवणारं कुणी ना कुणी लागतंच, तेव्हा तिकडं विचारायचं. विचारायची वेळसुद्धा तुम्ही माझ्यावर येऊ दिली नाहीत. ज्या बाईंच्या चर्चमधली पेटी तुम्ही दुरुस्त करता त्यांनाच माझ्यासमोर फोन लावलात. "एक ताई हायत, पेटी येती, डावा हात कच्चा हाय" अशी माझी ओळख करून दिलीत.

आणि जाताना सांगितलंत: पहिल्या दिवशी फी भरू नका. दुसऱ्या कुणाचा तास चालू असेल तेव्हा कोपऱ्यात बसा, आणि शिकणारा चुकला की मास्तर काय करतो तेवढंच बघा.

त्या बाईंच्या तासाला जाऊन बसले. तिसरी-चौथीतला मुलगा होता. एकाच जागी परत परत अडखळत होता. टीचर रागावल्या नाहीत, त्यांनी स्वतः वाजवूनही दाखवलं नाही. त्याचा उजवा हात उचलून त्याच्या मांडीवर ठेवला आणि नुसता डावा वाजवायला लावला, तोही निम्म्या लयीत. मग नुसता उजवा. मग दोन्ही, त्याच संथ लयीत. मुलगा अडखळला नाही. तिथंच माझं ठरलं. परीक्षांबद्दल मी विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या की लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या परीक्षांच्या आठ ग्रेड असतात, मुलांना त्याचा उपयोग होतो, तुम्हाला हवी असली तर द्या, नको असली तर नका देऊ.

पहिले तास कसे गेले ते तुम्हाला ऐकायला आवडेल. बोटांना नंबर असतात, अंगठा एक आणि करंगळी पाच. साधं सप्तक चढायचं तर उजव्या हातानं एक, दोन, तीन झालं की अंगठा खालून घालायचा आणि परत एकपासून पाचापर्यंत जायचं. डाव्या हाताचं उलटं: पाचापासून उतरत अंगठ्यापर्यंत यायचं आणि मग मधलं बोट अंगठ्याच्या वरून टाकायचं. म्हणजे दोन्ही अंगठे एकाच वेळी वळत नाहीत. माझा डावा हात अजून बाजारात आईचा पदर धरून फरफटत जाणाऱ्या पोरासारखा उजव्याच्या मागं येतो. सा कुठंही धरायची सवय असल्यामुळं सगळं कागदावरच्या ठरलेल्या जागी असतं हेही अंगवळणी पडायला वेळ लागतोय. टीचर 'सी' म्हणतात, मी मनात पेटीची पांढरी एक म्हणते, आणि आमचं जमतं.

मग घरच्या वाद्याचा प्रश्न आला आणि तुम्ही परत मदतीला धावलात. कसबा बावड्यात कुणी जुना डिजिटल पियानो विकत होतं. तुम्ही स्वतःच्या स्कूटरवरून आलात. मालक चहापाणी विचारत होता आणि तुम्ही खाली बसून एकेक पट्टी दाबत होतात: एकदा अगदी हळू, एकदा जोरात, मग तीच पट्टी भराभर. सगळ्या ८८. मधल्या सप्तकातल्या जास्त वापरलेल्या असतात म्हणून त्या दोनदा. दोन पट्ट्या ढिल्या निघाल्या, आणि पेडल सोडल्यावरही सूर लांबत होता. पेडल नवीन मिळतं, पट्ट्यांचं काम महागात जाईल, असं म्हणून तुम्ही तो नाकारलात. मालकाचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. पुढचा मिळाला तो तुमच्याच ओळखीनं. त्यात हेडफोनची सोय आहे की नाही हे तुम्ही आधी बघितलंत, कारण राजारामपुरीत आमच्या भिंतीला भिंत लागून शेजारी आहेत, हे तुमच्या लक्षात होतं. रात्री भांडी झाल्यावर मी हेडफोन घालून बसते. स्टुलाची उंचीही तुम्ही सांगितली तशीच ठेवलीय, कोपर पट्टीच्या पातळीला.

टीचरांचा पियानो खरा आहे, लाकडी, उभा. त्याच्या आत दोनशेच्या वर तारा आहेत आणि त्यांचा सगळा मिळून ताण वीसेक टनांपर्यंत जातो, हे त्यांनी झाकण उघडून दाखवलं तेव्हा मी जरा मागंच सरकले. आपल्याकडच्या पावसात आतलं लाकूड फुगतं, सूर चढतात, एखादी पट्टी अडकून बसते. जुलैत त्या ट्यूनरला बोलवत नाहीत, हवा कोरडी झाल्यावर बोलवतात. २०१९ च्या महापुरानंतर तुमच्या दुकानात भिजलेल्या पेट्यांची रांग लागली होती म्हणे, आणि त्यातल्या कितीतरी तुम्ही फक्त सरस आणि कातड्याच्या खर्चात परत उभ्या केल्यात. हे मला टीचरांनी सांगितलं. तुम्ही सांगितलं नसतंच.

आता एक काम आहे. त्यांच्या चर्चमधली जुनी पायपेटी बंद पडलीय. पायाकडचा भाता फाटलाय, वरच्या सप्तकातले दोन सूर बोलत नाहीत, आणि एक पट्टी वर येत नाही. नाताळच्या आधी ती चालू व्हायला हवी आहे. टेम्पो मी बघते, उचलायला त्यांच्याकडची दोन मुलं येतील. फक्त कुठल्या दिवशी आणायची ते सांगा. आणि बिल या वेळी कागदावर द्या, टीचरांनी तसं निक्षून सांगितलंय.

तुमची,
काही न घेताच गेलेली गिऱ्हाईक
राजारामपुरी, कोल्हापूर