चेअरमनसाहेबांना चौथं पत्र : अंकलचा बाक

मा. चेअरमनसाहेब,
स.न.वि.वि.

हे माझं चौथं पत्र. पहिल्या तिन्हींना उत्तर नाही, दुसऱ्याची पोच म्हणून सेक्रेटरींनी व्हॉट्सॲपवर नुसता अंगठा पाठवला, तो मी स्क्रीनशॉट काढून ठेवलाय. मी भांडखोर माणूस नव्हे, मेंटेनन्स दर महिन्याच्या ५ तारखेच्या आत भरतो, पण आता हद्द झाली.

विषय तोच. बी-१०१ चे अंकल गेले, त्यांचं महिन्याचं मीस (चर्चमधली प्रार्थना) झालं आणि दुसऱ्याच दिवशी त्यांनी केलेला चाफ्याखालचा बाक उचलून मीटर रूमच्या मागे टाकला. कारण काय, तर ए विंगच्या ग्राउंड फ्लोरवाल्यांना "बाहेरची माणसं बसतात" याचा त्रास. बाहेरची माणसं म्हणजे सकाळी सायकल टेकवून दोन मिनिटं दम खाणारा पाववाला पोदेर, आणि माझी आई. आई बाहेरची?

तुम्ही आत्ता दोन वर्षांपूर्वी राहायला आलात म्हणून सांगतो. अंकल तारवटी, म्हणजे बोटीवर नोकरी. नऊ नऊ महिने बोटीवर, इंजिन रूममध्ये फिटर, तीन पोरांची शिक्षणं त्या उकाड्यात घाम गाळून केली. थोरलीच्या कम्युनियनला येता आलं नाही हे शेवटपर्यंत बोलून दाखवायचे. रिटायर होऊन आले ते घरात बसले नाहीत, आपल्या पंपाच्या मागे लागले. तिळारीचा कालवा फुटला की अस्नोड्याचा पाणी प्रकल्प बंद आणि म्हापशात बोंब, हे आपल्याला नवीन नाही, मग टँकर येणार रात्री अकराला आणि पंप नेमका तेव्हाच बसणार. बनियन, गळ्यात रुजार (जपमाळ), तोंडात टॉर्च, सगळं खोलून पॅकिंग बदलून परत लावणार, आणि पैसे विचारले तर म्हणणार "कॉफी दी". आता त्याच पंपाला मेकॅनिक बोलावतो तर त्याचं नुसतं व्हिजिटिंगच ३५० रुपये, ते कुठल्या खात्यात टाकता ते एजीएममध्ये विचारीनच.

एक गोष्ट मी विसरत नाही. संध्याकाळी सातला चर्चची आमोरीची, म्हणजे प्रार्थनेची, घांट झाली की पाना हातात असेल तर पाना खाली ठेवून उभे राहायचे, हात कापडाला पुसून, ओठ हलताना दिसायचे. घांट थांबली की परत पाना. एकदा मी मोटर धरून उभा होतो, हात भरून आले, तरी "अंकल, लवकर करा" म्हणायचं धाडस झालं नाही.

रविवारचं पहिलं मीस कधी चुकवलं नाही, आणि चतुर्थीला गणपतीवरची फळांची माटोळी बांधायला आमच्याकडे स्टुलावर तेच चढायचे, माझ्या गाठी सोडून स्वतःच्या मारायचे, बोटीवरच्या. म्हापशाच्या चर्चमधल्या मिलाग्रीस सायबिणीच्या फेस्ताला आईला तेल घेऊन जायचं असतं, आमच्यात तिला लईराई देवीची बहीण मानतात, तर गर्दीत तिचा हात धरून न्यायचे तेच, मी ड्युटीवर. २०२० च्या लॉकडाऊनला पहिले काही दिवस दुकानंसुद्धा बंद होती तेव्हा त्यांच्या घरातले उकडे तांदूळ आणि सुके बांगडे कोणी कोणी खाल्ले ते मी लिहीत नाही. ग्राउंड फ्लोरवाल्यांना आठवत असेल.

आता नियमाचं. "कॉमन एरियात खाजगी सामान ठेवू नये" हे कलम तुम्ही मला दाखवलंत. पण बाक खाजगी नव्हेच! पाण्याची लाइन बदलली तेव्हाचे जुने जीआय पाइप सोसायटीचे, वेल्डिंग तेवढं अंकलचं. आणि तेच कलम ग्राउंड फ्लोरवाल्यांच्या चपलांच्या रॅकला, तुळशीच्या चार कुंड्यांना आणि बंद पडलेल्या स्कूटरला लागत नाही का? (तुळशीला माझा विरोध नाही, लिहून ठेवतो.) मे महिन्यात खुरसाकडे (क्रॉसपाशी) लादाईन, म्हणजे गाऊन केलेली प्रार्थना, झाली तेव्हाही यांचीच तक्रार. लाऊडस्पीकरचा नियम रात्री १० नंतरचा, लादाईन साडेआठला संपली, आणि स्पीकर नव्हताच, एक व्हायोलिन होतं.

पूर्ण बी विंग माझ्या बाजूने आहे. सह्या तीनच आहेत, कारण बाकीचे घरी नव्हते, एकाने "तोंडी पाठिंबा धर" म्हणून सांगितलंय.

माझी मागणी मोठी नाही. अंकलच्या नावाची पाटी लावा असं मी पहिल्या पत्रात म्हटलं होतं, ते सोडून दिलं, आंटीलाही नकोय. फक्त बाक जागेवर ठेवा. त्या मिसाहून येतात, गुडघे दुखतात, जिना चढायच्या आधी तिथे टेकायच्या. गेल्या रविवारी त्या चाफ्याखाली गेल्या, बाक नाही बघून थोडा वेळ उभ्या राहिल्या आणि परत जिन्याकडे वळल्या. मी गॅलरीतून बघत होतो.

या रविवारी सकाळपर्यंत बाक आला नाही तर मी माझ्या प्लास्टिकच्या दोन खुर्च्या तिथे नेऊन ठेवणार. त्या मात्र खाजगी आहेत, काय कारवाई करायची ती करा.

आपला,
बी-२०१

ता.क. माझ्या बाथरूमचं लिकेज अजून तसंच आहे. त्याचं पत्र वेगळं देतो.