टपावरचा भार

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

रिमोटवर चालणाऱ्या नव्या छोट्या पिकअपचे खोके उघडलेस आणि कामाची सुरुवात टपावरच्या कॅरियरपासून करायची ठरवलीस, हे वाचले आणि तुला थांबवावे म्हणूनच लगेच लिहायला बसलो. कॅरियर अगदी शेवटी कर. मी तो सर्वांत आधी केला होता आणि त्यापायी एक बॉडी गमावून बसलो.

माझी गाडीही तुझ्यासारखीच, एकास दहा प्रमाणातली. पितळी सळ्यांना डाख देऊन मी कॅरियर बनवला, त्यावर जादा चाक, दोन जेरीकॅन आणि एक फावडे बांधले. टेबलावर गाडी फार देखणी दिसत होती. पण पहिल्याच आडव्या उतारावर वरच्या अंगाची दोन्ही चाके अलगद उचलली गेली, क्षणभर तशीच अधांतरी राहिली आणि गाडी कोलांट्या खात दगडांवर जाऊन आदळली. पुढच्या काचेशेजारचा खांब मुळापासून तुटला.

त्यानंतर मी वजनाचा हिशेब नीट मांडला. लांबी, रुंदी आणि उंची दहापट कमी झाली की आकारमान हजारपट कमी होते. म्हणजे १,८०० किलोच्या खऱ्या पिकअपची प्रतिकृती हिशेबाने १.८ किलोची हवी. मोटर, बॅटरी आणि दणकट गिअर यांमुळे आपल्या गाड्या मात्र अडीच-तीन किलोंवर सहज जातात. हे वाढीव वजन टाळता येत नाही, म्हणून ते कुठे ठेवायचे एवढेच आपल्या हाती उरते. ते स्प्रिंगांच्या खाली, अ‍ॅक्सल आणि चाकांवर असेल तर गाडी जमिनीला धरून राहते. तेच वजन टपावर असेल तर कलत्या गाडीला आणखी कलवते. शिवाय चढावर भार आपोआप मागे सरकतो, म्हणून सपाटीवर तो पुढच्या चाकांवर थोडा जास्त, साधारण ६० टक्के, असलेला बरा. मी पुढच्या अ‍ॅक्सलवर पितळी नकल, म्हणजे चाक वळवणारे सांधे, बसवले आणि बॅटरी मागून काढून मोटरच्या पुढे आणली. मग गाडी फळीवर आडवी उभी करून फळीची एक कड हळूहळू उचलत गेलो. पूर्वी ३५ अंशांच्या आसपास कलंडणारी गाडी ४५ अंशांपर्यंत टिकली, तेव्हा झालेला आनंद कोणत्याही रंगकामाने मला दिलेला नाही.

तामिया या जपानी प्रतिकृती कंपनीने १९८१ साली टोयोटा हायलक्सची जी प्रतिकृती काढली, तिच्यात शिडीसारखी चासी, लीफ स्प्रिंग आणि तीन गिअरांची पेटी होती. म्हणजे खरी गाडी जशी चालते तशीच ती चालावी, हा विचार आधी होता. आपणही त्याच क्रमाने जावे, असे मला मनापासून वाटते.

आता रंगाविषयी. तुझी बॉडी टणक एबीएस प्लास्टिकची आहे, तेव्हा रंग बाहेरून द्यायचा. पारदर्शक पॉलिकार्बोनेटसारखा आतून नव्हे. प्रायमरवर आधी गंजाचा तपकिरी रंग दे, तो पूर्ण वाळला की त्यावर हेअर स्प्रे मार आणि मग वरचा अ‍ॅक्रिलिक रंग दे. तासाभराने ओला ब्रश फिरवलास की खालचा हेअर स्प्रेचा थर विरघळून वरचा रंग बारीक कपच्यांनी सुटू लागतो. इथे हात आवर. हौद्यात सामान चढवताना ते फाळक्याच्या वरच्या कडेवरून घासत जाते, म्हणून तिथला रंग उडालेला शोभतो; दाराच्या मुठीभोवती बोटांच्या नखांचे ओरखडे शोभतात. टपाच्या मध्यावर मात्र गंज कशाला असेल? चिखलही चाकांच्या मागून वर उडतो आणि वर जाताना विरळ होतो, तेव्हा दाराच्या खालच्या पट्टीवर तो दाट ठेव आणि काचेपर्यंत पोहोचेतो नुसती धूळ राहू दे.

खांब मी आतून पितळी तार घालून जोडला आहे. सांधा जवळून दिसतो, पण मी तो बुजवलेला नाही. नवा कॅरियर प्लास्टिकच्या पट्ट्यांचा आहे, जेरीकॅन आतून पोकळ आहेत आणि जादा चाक आता हौद्यात, अगदी तळाशी पडून असते.

उरलेल्या पट्ट्या तुझ्यासाठी बाजूला काढून ठेवल्या आहेत. फळीवरची परीक्षा झाली की किती अंश आले ते कळव आणि सोबत टपाची रुंदी मिलिमीटरमध्ये लिही, म्हणजे त्या मापाने कापून पाठवतो.

तुझा,
जिवलग मित्र