प्रिन्स्टनला असलेल्या लेकीस

प्रिय सोनू,
सप्रेम सलाम.

तिथल्या प्रेसबिटेरियन या ख्रिस्ती पंथाच्या मंडळीत आपली, कोल्हापूरच्या प्रेसबिटेरियनांची, ओळख काय सांगू, असं तू विचारलंस. ‘तुमच्याच लोकांनी आमची मंडळी काढली’ एवढ्यावर मात्र भागवू नकोस. गोष्ट त्याहून गुंतागुंतीची आहे आणि मजेशीरही.

अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर आणि त्यांच्या पत्नी एलायझा १८५२ च्या अखेरीस कोल्हापुरात आले, तेव्हा ते प्रेसबिटेरियन मिशनचे नव्हतेच. त्यांना पाठवलं होतं बॉस्टनच्या अमेरिकन बोर्ड या मिशनरी संस्थेनं, जिचं मोठं ठाणं अहमदनगरला होतं. वाइल्डरसाहेबांचा जीव शाळांत. बोर्डाचं म्हणणं उलट : शाळांवरचा खर्च आवरा, गावोगाव उपदेश करा. साहेब १८५७ मध्ये मायदेशी गेले, बोर्डाशी फाटलं, आणि १८६१ मध्ये ते मित्रांच्या देणग्यांच्या भरवशावर पुन्हा कोल्हापुरात हजर! अशी नऊएक वर्षं काढल्यावर १८७० मध्ये अमेरिकेच्या प्रेसबिटेरियन बोर्डानं हे काम आपल्याकडे घेतलं. म्हणजे आपण प्रेसबिटेरियन झालो, त्याच्या मुळाशी शाळांवरून झालेलं भांडण आहे. मला तरी याची लाज वाटत नाही, उलट बरंच वाटतं.

पुढे याच मिशनचे डॉ. वानलेस मिरजेला आले. १८९४ चं ते हॉस्पिटल तुला ठाऊकच आहे, त्यावर लिहीत नाही.

मंडळीतून निवडलेले ‘वडील’ (म्हणजे एल्डर) पाळकांच्या, म्हणजे धर्मगुरूंच्या, बरोबरीनं बसून कारभार बघतात, ही प्रेसबिटेरियन रीत. तुझे आजोबा असे ‘वडील’ होते तेव्हा पाळकांकडेही पैन् पैचा हिशेब मागायचे. १९७० मध्ये वेगवेगळ्या पंथांच्या मंडळ्या एकत्र येऊन नागपूरला चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं आणि कोल्हापूरलाही वरचे धर्माधिकारी म्हणून बिशप आले. ऐक्य चांगलंच, पण मंडळीच्या ‘वडिलां’ना विचारल्याशिवाय काही ठरवायचं नाही ही सवय आपल्या लोकांच्या हाडात आहे. आणि गातो आपण नगरच्या रेव्हरंड ना. वा. टिळकांची गीतं! ते तर त्याच अमेरिकन बोर्डाच्या मिशनमधले.

आता तुझ्या गावाचं. वाइल्डरसाहेब १८७५ च्या सुमारास इथून गेले आणि पुढे प्रिन्स्टनला राहिले. १८७८ मध्ये तिथूनच त्यांनी मिशनकार्यावरचं मासिक सुरू केलं. त्यांचा मुलगा रॉबर्ट १८६३ मध्ये आपल्या कोल्हापुरात जन्मला. प्रिन्स्टन कॉलेजात त्यानं विद्यार्थ्यांचा मिशन संघ काढला. १८८६ मध्ये अमेरिकेतल्या माउंट हर्मनच्या शिबिरात शंभर विद्यार्थ्यांनी परदेशी सेवेला जायची तयारी दाखवली, त्यामागे त्याचीच धडपड. त्याची बहीण ग्रेस मात्र लोकांच्या लक्षात राहत नाही. साहेब वारल्यावर ती आणि तिची आई इकडे परतल्या आणि इस्लामपूरकडे बायकांमध्ये काम करत राहिल्या. माझ्या मते या घराण्यात खरी चिवट तीच.

तेव्हा रविवारी कोणी विचारलं तर या भावंडांपासून सुरुवात कर. कॉलेजच्या जुन्या कागदांत रॉबर्टच्या संघाचं काही सापडलं तर फोटो काढून पाठव. इथल्या तरुण संघाला दाखवीन.

तुझे,
पप्पा